इंटरनेट सारखे तुटते? आधी वही उघडा, मग फोन उचला

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आज लहानशा धंद्याचीही निम्मी कामे संगणकावर होतात. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, बाहेरगावच्या व्यापाऱ्याला पाठवायचे भाव, मालाचे फोटो, सारे काही इंटरनेटवरूनच जाते. इंटरनेट पूर्ण बंद पडले तर माणूस निदान दुसरी सोय पाहतो. पण जे कधी चालते आणि कधी तुटते, त्याने नुकसान अधिक होते. ते ऐन वेळी दगा देते आणि दुरुस्ती करणारा दारात येतो तेव्हा नेमके सुरळीत चालू असते. असा दोष घरच्या घरी कसा शोधावा, याचा पाठ या लेखात देत आहोत. त्यासाठी शिक्षण लागत नाही. एक वही, थोडा धीर आणि क्रमाने विचार करण्याची सवय पुरे.

आमच्यावर काय गुदरले

आमचे घर मालेगावात आहे. खाली यंत्रमागांची शेड आणि तिच्या भिंतीला लागून राहती खोली, त्याच खोलीत संगणक. एका संध्याकाळी पालीला जाणाऱ्या कोऱ्या कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोहोचल्या होत्या. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा म्हणजे ई-वे बिल हवेच. आम्ही बिल भरायला बसलो आणि इंटरनेट तुटले. तीन-चार मिनिटांनी आले, पुन्हा माहिती भरली, पुन्हा तुटले. मोबाईलचे इंटरनेट संगणकाला जोडता येते, हे त्या घाईत सुचलेच नाही. ट्रक आमच्या गाठी सोडून निघून गेला. माल दोन दिवस उशिरा पोहोचला आणि त्या व्यापाऱ्याने पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली.

राग साहजिकच कंपनीवर निघाला. लाइनमन तीनदा आला, तिन्ही वेळा त्याला सर्व ठीक दिसले. तिसऱ्या वेळी आम्ही कारागिरांच्या देखत त्याला सुनावले, "पैसे घेता आणि काम करत नाही." तो मुलगा मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर आम्ही नवा राऊटर विकत आणला. तरी दोष तसाच! तेव्हा कुठे ध्यानात आले की, आपण आतापर्यंत फक्त अंदाज बांधत होतो, तपास असा केलाच नव्हता.

रस्त्याचे चार टप्पे

तुमच्या संगणकापासून दूरच्या वेबसाइटपर्यंतचा रस्ता चार टप्प्यांचा असतो.

पहिला टप्पा खुद्द संगणक. दुसरा, संगणकापासून राऊटरपर्यंत, मग तो वायफायने जोडलेला असो की तारेने. तिसरा, राऊटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत, म्हणजे भिंतीतून बाहेर पडून खांबावरून जाणारी फायबर किंवा तार. चौथा, कंपनीपासून पुढचे सारे जग.

दोष या चारपैकी एका ठिकाणी असतो, क्वचित दोन ठिकाणी. मागावर धागा तुटला तर आपण आधी ताणा पाहतो की बाणा, सगळा माग खोलून ठेवत नाही. इथेही तोच नियम. पहिल्या दोन टप्प्यांचे मालक आपण आहोत, पुढच्या दोहोंची जबाबदारी कंपनीची आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की, दोष घरात आहे की घराबाहेर?

वही कशी लिहावी

कुठल्याही उपायाआधी सात दिवस वही ठेवावी. इंटरनेट तुटले की त्याच वेळी पाच गोष्टी लिहाव्यात : तारीख आणि वार, किती वाजता तुटले, किती मिनिटे बंद होते, राऊटरचे कोणते दिवे लागले किंवा विझले होते, आणि त्या वेळी घरात, दुकानात काय चालू होते. म्हणजे मोटर, मिक्सर, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, पाऊस, जोराचा वारा जे असेल ते. घरातले मोबाईलही बंद पडले की फक्त संगणक, हेही टिपावे.

या सात दिवसांत काहीही बदलू नये. आपल्याकडे सवय अशी की, एकाच संध्याकाळी राऊटर हलवायचा, तार बदलायची, संगणक फॉरमॅट करायचा. मग इंटरनेट सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही आणि बिघडले तर दोष आणखी लपतो. एका वेळी एकच बदल करावा, निकाल पाहावा आणि मगच पुढे जावे.

संगणकाला विचारायचे तीन प्रश्न

विंडोजच्या प्रत्येक संगणकात तपासाचे एक जुने साधन मोफत मिळते. स्टार्ट मेनूत इंग्रजी अक्षरांत सी-एम-डी टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी ही अक्षरे सलग लिहून एंटर दाबा. येणाऱ्या माहितीत 'डीफॉल्ट गेटवे' या ओळीसमोर एक क्रमांक दिसेल. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा असतो. हा तुमच्या राऊटरचा घरातला पत्ता. तो वहीत लिहून ठेवा.

आता त्याच खिडकीत पी-आय-एन-जी हा शब्द, मग एक जागा सोडून तो क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहा आणि एंटर दाबा. संगणक राऊटरला चार वेळा हाक मारतो आणि उत्तर किती वेळात आले ते सांगतो. हा वेळ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. सतत हाका मारायच्या असतील तर शेवटी जागा सोडून एक आडवी रेघ आणि टी हे अक्षर जोडावे. थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबावी.

पहिला प्रश्न राऊटरला विचारायचा. तारेने जोडलेल्या संगणकाला एका मिलिसेकंदाच्या आसपास उत्तर मिळते, वायफायवर थोडा जास्त वेळ लागतो. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असे वारंवार आले किंवा वेळ एकदम शंभर-दोनशेवर उडू लागला, तर दोष घरातच आहे असे समजावे. एक सावधगिरी बाळगा. कधी 'डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल' अशी ओळ येते आणि संगणक तिलाही उत्तरात मोजतो. ते राऊटरचे उत्तर नव्हे. राऊटर सापडत नाही, असे आपलाच संगणक सांगत असतो.

दुसरा प्रश्न बाहेरच्या जगाला. याच पद्धतीने ८.८.८.८ या क्रमांकाला हाक मारावी. हा गुगलचा सार्वजनिक पत्ता आहे आणि सहसा उत्तर देतो. राऊटर बरोबर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, असे झाले तर दोष तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात, म्हणजे बाहेर आहे.

तिसरा प्रश्न नावाने. क्रमांकाऐवजी एखाद्या मोठ्या वेबसाइटचे नाव लिहावे. क्रमांकाला उत्तर येते पण नाव सापडत नाही, तर रस्ता चालू आहे, नावावरून पत्ता सांगणारी सेवा तेवढी बिघडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. उपाय सोपा आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे क्रमांक भरावेत. काही वेबसाइट अशा हाकांना मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच नावावरून निष्कर्ष काढू नये.

चौथी एक परीक्षा मोबाईलची. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून त्यावर संगणक जोडा आणि तासभर नेहमीचे काम करा. तरीही तुटते, तर दोष संगणकात. सुरळीत चालले, तर संगणक निर्दोष. ही परीक्षा आधी केली असती तर आमचे राऊटरचे पैसे वाचले असते असे नाही, पण त्या रात्री ट्रक नक्कीच चुकला नसता.

घरातला दोष : आधी वीज पाहा

आमच्या परीक्षेत खुद्द राऊटरच उत्तर देईनासा होत होता. म्हणजे दोष घरातच! सात दिवसांच्या वहीत एकूण अकरा वेळा इंटरनेट तुटल्याची नोंद झाली. प्रत्येक वेळी तीन ते चार मिनिटांची तूट होती, कमी नाही आणि जास्तही नाही. राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ब्राउझरमध्ये राऊटरचा क्रमांक टाकून त्याचे पान उघडले, तर 'अपटाइम' म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे हे दिसते. तेथे केवळ सहा मिनिटे लिहिलेली होती. आम्ही तर त्या दिवशी राऊटरला हातही लावला नव्हता.

वहीत आणखी एक गोष्ट होती. शुक्रवारच्या रकान्यात एकही नोंद नव्हती. शुक्रवारी आमचे माग बंद असतात. वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरवर राऊटर तासभर चालला, त्या तासातही एकही तूट नाही. माग त्या वेळीही थांबलेले होते.

मग आम्ही राऊटरची वायर धरून मागे मागे गेलो. तिचा प्लग शेडच्या सामाईक भिंतीवरील बोर्डात बसवलेला होता. त्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या जुन्या होऊन सैल पडल्या होत्या. माग सुरू झाले की भिंत थरथरे आणि प्लग केसभर हले. पंख्याला त्याने फरक पडत नाही, पण राऊटर क्षणभर वीज गेली तरी पहिल्यापासून सुरू होतो. वायरमनने सॉकेट बदलले आणि राऊटर दुसऱ्या भिंतीवर नेला. त्या दिवसापासून ती तीन मिनिटांची तूट पुन्हा आली नाही.

म्हणून आमचे सांगणे आहे की, आधी वीज तपासा. प्लग घट्ट आहे का? अडॅप्टर फार गरम होतो का? त्याच्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर राऊटरच्या मागे लिहिलेल्या आकड्यांशी जुळतात का? व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर थोडे जास्त असले तरी चालतात, कमी चालत नाहीत. इस्त्री, मोटर आणि राऊटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवू नयेत. वीज सारखी जात असेल तर राऊटरसाठी लहान यूपीएस मिळतो, तो घेणे शहाणपणाचे ठरते. सॉकेट उघडण्याचे काम मात्र वायरमननेच, मेन स्विच बंद करून करावे.

वायफायचा दोष

तारेने जोडल्यावर ठीक आणि वायफायवर तुटते, असे असेल तर राऊटर वा कंपनी नव्हे, मधली हवा दोषी आहे. बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब जाते आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सारे तिच्याच आसपास बोलतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आणि मोकळी असते, पण एक-दोन भिंतींतच तिचा जोर संपतो. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत. एकाच खोलीत असाल तर ५ वापरावी, लांब असाल तर २.४.

दाट वस्तीत २.४ वर १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींच्या आड येत नाहीत. राऊटरच्या सेटिंगमध्ये आळीपाळीने या तिन्ही वापरून पाहाव्यात, प्रत्येकीला एक दिवस द्यावा. राऊटर लोखंडी कपाटामागे, शटरला लागून, आरशामागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये. लोखंड आणि पाणी दोन्ही लहरी अडवतात. उंचावर, मोकळ्यावर आणि घराच्या मध्यभागी ही त्याची योग्य जागा.

आमचे मत विचाराल तर, ज्या संगणकावर धंद्याचे काम होते तो तारेनेच जोडावा. तार स्वस्त असते आणि १०० मीटरपर्यंत चालते. तिच्यात आठ बारीक तारा असतात. १०० एमबीपीएस वेगाला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. संगणक अचानक १००० ऐवजी १०० दाखवू लागला तर त्या आठांपैकी एखादी तुटल्याची शंका घ्यावी. टोकाच्या प्लास्टिकच्या प्लगची पकड मोडली असेल तर तो जागेवर राहत नाही. असा प्लग चिकटपट्टी लावून न वापरता बदलून घ्यावा. खर्च थोडा आहे, मनस्ताप मोठा.

संगणकाचा दोष

हॉटस्पॉटवरही त्रास होत असेल तर संगणकाकडे वळावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची परवानगी दिलेली असते. ती खूण काढून टाकावी.

जुन्या संगणकात आणखी एक गंमत आढळते. रोज सकाळी बँकेची आणि सरकारी पाने उघडत नाहीत, सुरक्षेचा इशारा येतो. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, बहुधा सीआर २०३२ नावाचा. तो संपला की संगणक बंद होताच घड्याळ चुकते. चुकीच्या तारखेला सुरक्षित वेबसाइटची ओळख पटत नाही आणि पान उघडत नाही. आपण म्हणतो इंटरनेट गेले! सेल बदलला की रोग बरा होतो.

एखाद्या वेळी इंटरनेट तुटलेले नसते, भरून गेलेले असते. दुकानाचे कॅमेरे बाहेर चित्र पाठवत असतात, मुलांचे मोबाईल फोटो चढवत असतात, विंडोज आपली नवी आवृत्ती उतरवत असते. अशा वेळी ८.८.८.८ ची उत्तरे येतात, पण २० मिलिसेकंदांऐवजी ३०० किंवा ५०० लागतात. घरातील एकेक उपकरण वायफायवरून काढून पाहावे. ज्याला काढल्यावर आकडा खाली येतो तोच दोषी. जड कामे रात्रीवर टाकावीत.

फायबरचा दोष

आता घराबाहेरची बाजू. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, तिच्यातून प्रकाश जातो. कंपनीच्या पेटीवर 'पॉन' आणि 'लॉस' असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा असणे ही चांगली खूण. लॉस लाल होऊन लुकलुकू लागला तर प्रकाश पोहोचत नाही असा अर्थ. त्यावर घरगुती उपाय नाही, थेट तक्रार करावी.

एक गोष्ट मात्र आधी आपण पाहू शकतो. फायबरला बांगडीपेक्षा लहान वेटोळे घालू नये. ती वाकली की प्रकाश बाहेर गळतो. कपाट सरकवताना ती दबली आहे का, खिळ्याखाली चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, हे पाहावे. तिचे हिरवे टोक उपसून पुसू नये आणि त्यात डोळा लावून तर मुळीच पाहू नये. तिच्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

बऱ्याच पेट्यांच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा जोरही दिसतो. तो उणे आकड्यात, डीबीएममध्ये असतो. शून्याच्या जवळ म्हणजे प्रकाश जास्त. दर तीन आकडे खाली गेले की प्रकाश निम्मा होतो. सर्वसाधारण पेट्यांना उणे ८ ते उणे २७ या दरम्यानचा प्रकाश चालतो. तुमचा आकडा उणे २० वरून उणे २७ वर घसरला असेल तर सांधा किंवा तार बिघडली आहे. हा आकडा तक्रारीत सांगितला की, समोरचा "राऊटर बंद करून चालू करा" म्हणून टाळू शकत नाही.

राऊटर बंद करून चालू करण्यावरून आठवले, पेटीच्या मागे सुईने दाबण्याचे जे बारीक छिद्र असते ते दाबू नये. त्याने पेटी नुसती पुन्हा सुरू होत नाही, कंपनीने भरलेली नावे आणि पासवर्डही पुसले जातात. मग माणूस येईपर्यंत सारेच बंद!

संध्याकाळी सात ते अकरा या वेळातच वेग मंदावत असेल आणि राऊटर, तार, प्रकाश सर्व ठीक असेल, तर कंपनीच्या रस्त्यावर गर्दी आहे असे समजावे. एका फायबरचा प्रकाश वाटून बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांना दिलेला असतो. अशा वेळी तारेने जोडून सकाळी आणि रात्री वेग मोजावा आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मोजताना ध्यानात असू द्यावे की, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, साडेबारा मेगाबाइट होतात. बिट आणि बाइट यांत आठपट फरक आहे. अनेक तक्रारी या गैरसमजातूनच होतात.

तक्रार पुराव्यासह

दोष बाहेर आहे हे ठरले की तक्रार करावी, पण रिकाम्या हाताने नव्हे. "नेट चालत नाही" असे न सांगता "सात दिवसांत नऊ वेळा तुटले, या या वेळी, राऊटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, लॉस दिवा लाल असतो" असे सांगावे. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि वहीत लिहावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार असा क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. निवारण झाले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे माहीत असावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक मंचाकडेही दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. या प्रत्येक पायरीवर तुमची वही हाच तुमचा साक्षीदार असतो.

व्यवहार अर्धवट राहिला तर

पैसे पाठवताना इंटरनेट तुटले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये. आधी बँकेच्या खात्यात पाहावे. खात्यातून वजा झाले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, तर दुकानदाराला दिलेले पाच दिवसांच्या आत परत जमा झाले पाहिजेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र भरण्यासाठी २० तारखेच्या रात्रीची वाट पाहू नये. कर देय असल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क पडते आणि "इंटरनेट नव्हते" ही सबब चालत नाही. शेवटची तारीख आपण १५ समजावी आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडण्याचा सराव आधीच करून ठेवावा.

थोडक्यात

सात दिवस वही लिहा. राऊटर, बाहेरचा क्रमांक आणि नाव या तिघांना क्रमाने हाक मारा. हॉटस्पॉटवर संगणक तपासा. घरात दोष असेल तर वीज, तार, वायफाय, संगणक या क्रमाने पाहा. बाहेर असेल तर दिवे, प्रकाशाचा आकडा आणि वही घेऊन तक्रार करा. एका वेळी एकच बदल करा. तपासाआधी नवे काही विकत घेऊ नका.

शेवटी एक कर्ज फेडणे बाकी आहे. सॉकेट बदलल्यावर आम्ही त्या लाइनमनला शोधून काढले, चहाला बसवले आणि ज्या कारागिरांदेखत बोललो होतो त्यांच्याच देखत माफी मागितली. सारी हकीगत ऐकून तो हसला आणि म्हणाला, "चाचा, मी आलो की बोलणे ऐकू यावे म्हणून तुम्ही माग बंद करायला सांगायचात. मग मला नेट चालूच दिसणार ना!"

खरेच, तिन्ही वेळा आम्ही स्वतः माग थांबवले होते. दोष त्याला दिसू नये अशी व्यवस्था आम्हीच केली आणि दिसला नाही म्हणून बोलही त्यालाच लावला. एक ऑर्डर गेली, ती पुढच्या हंगामात परत मिळवता येईल. पण मेहनत करणाऱ्याला नुसत्या अंदाजावर चोर ठरवले, ते शब्द परत घेता येत नाहीत. बंधूंनो, तुमचे इंटरनेट तुटेल तेव्हा फोन जरूर उचला, पण त्याआधी वहीचे एक पान भरलेले असू द्या.